पाचवं बटण

९ मार्च २००९. रुपये एक्केचाळीस हजार तीनशे पासष्ट.

मुद्देमालाच्या नोंदवहीत त्या खटल्याची सुरुवात अशी झाली. तारीख गुन्ह्याची, रक्कम गोदामाच्या पेटीतून गेलेली. त्या रकमेपायी गोदामाचा फाटकवाला जिवानिशी गेला, हे सांगायला वहीत रकाना नव्हता. पुढे फक्त वस्तूंची यादी होती: कागदी पट्ट्या गुंडाळलेल्या नोटा, एक लोखंडी पहार, एक सुटं बटण आणि निळ्या रंगाचा एक पुरुषी शर्ट. शर्टापुढे लिहिलं होतं, ‘सात बटणांपैकी वरून तिसरे तुटलेले, बाकी सहा शाबूत.’

ही वही लिहिणाऱ्याला कोर्टात सगळे लाखकाका म्हणत. खटल्यात पुरावा म्हणून जप्त झालेली वस्तू, मग ती सायकल असो की सुई, निकाल लागेपर्यंत जशीच्या तशी सांभाळायची, हे त्यांचं काम. प्रत्येक वस्तू कापडात बांधायची, कापड शिवायचं, गाठीवर लाख ओतायची आणि गरम लाखेवर पितळी सील दाबायचं. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे उजव्या हाताची दोन बोटं कायमची लालसर झाली होती. घरी बायको म्हणायची, “नावात लाख, आणि महिनाअखेरीला माझ्याकडे शंभर मागतात.”

त्यांची खोली तळघरात, जिन्याखाली होती. आत तीन सायकली, एक वजनकाटा, एका घड्याळाचा नुसताच लंबक आणि मांडणीवर नऊशेच्या वर गाठोडी. दर शनिवारी काका प्रत्येक गाठोड्याच्या लाखेवरून बोट फिरवायचे, आजारी माणसाचं कपाळ बघावं तसं. वहीतल्या ‘कमी-जास्त’ या रकान्यात त्यांच्या कारकिर्दीत एकच शब्द होता, निरंक. वरिष्ठ बदलले, न्यायाधीश बदलले, निरंक बदलला नाही. काकांचा अभिमान म्हणाल तर तेवढाच.

खोलीबाहेरच्या भिंतीला एक लांब बाक होता. वरच्या मजल्यावर माणसांना उभं राहायला जागा नसायची, म्हणून ज्यांना माहीत होतं ते खाली येऊन बसायचे. फाटकवाल्याच्या बायकोला हे दुसऱ्या तारखेलाच कळलं. ती काज-बटणाची कामं करायची. शिंप्यांकडून शर्टांची चळत आणायची, काजं करून, बटणं लावून परत द्यायची. तारखेच्या दिवशी पिशवीत चार शर्ट घेऊन यायची आणि पुकारा होईपर्यंत बाकावर सुई चालवत बसायची.

“ताई, अंधारात डोळे जातील,” काका पहिल्यांदा बोलले ते एवढंच.

“दादा, हातांना दिसतं,” ती म्हणाली. “डोळे नुसते सोबतीला.”

त्या दिवसापासून काका खोलीचं दार उघडं ठेवू लागले, म्हणजे आतल्या दिव्याचा उजेड बाकावर पडेल.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसायचा. तो आरोपीचा बाप. आरोपी गोदामातला काटेवाला, म्हणजे माल तोलणारा. चोरीच्या आधी महिनाभर त्याला कामावरून काढलं होतं. पोलिसांचं म्हणणं असं, की तो भर दुपारी पेटी फोडायला आला, फाटकवाल्यानं अडवलं, झटापट झाली आणि त्यानं पहार घातली. नोटा त्याच्या घरी ट्रंकेत सापडल्या. शर्टही तिथेच. आणि शर्टाचं तुटलेलं बटण मेलेल्या फाटकवाल्याच्या मुठीत. काटेवाला म्हणत होता, पैसे मी उचलले, कबूल, पण मी गेलो तेव्हा फाटकावर कोणीच नव्हतं. बटण पोलिसांनी चौकीवर तोडलं आणि मुठीत सापडल्याचं लिहिलं.

बाई आणि म्हातारा पहिलं वर्ष एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. बाईनं पाण्याची बाटली बाकावरून सरकवली. पुढच्या तारखेला म्हाताऱ्यानं बाटली भरून आणली आणि सरकवून परत दिली. त्यांचं दळणवळण एवढंच. काका आतून बघत होते.

खटला मात्र पुढे सरकत नव्हता. कधी साक्षीदार गैरहजर, कधी वकील आजारी, कधी न्यायाधीश रजेवर. एक साक्षीदार तर साक्ष द्यायच्या आधीच वारला. “आता त्याला समन्स पाठवा म्हणावं,” बाई म्हणाली. म्हातारा हसला आणि हसल्याबद्दल ओशाळून भिंतीकडे बघू लागला.

जानेवारी २०१२ मध्ये एका रविवारी वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला. सोमवारी काकांनी दार उघडलं तर आत घोटाभर पाणी आणि सत्तावन्न गाठोडी चिंब. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाठोडी उघडायला परवानगी हवी म्हणून त्यांनी कार्यालयाला पत्र दिलं. उत्तर नाही. दुसरं दिलं. तिसऱ्या दिवशी कापडांना वास सुटला, बुरशीचे ठिपके दिसू लागले. काका स्वतः वर गेले, तेव्हा अधीक्षक फाइलीतून मान वर न काढता म्हणाले, “अहो, इतकी वर्षं झाली तुम्हाला. बघून घ्या की.”

काकांनी बघून घेतलं. शिपायाला साक्षीला बसवून एकेक गाठोडं उघडलं, वस्तू दोरीवर वाळवली, यादीशी ताडली, नव्या कापडात बांधून नवं सील केलं. प्रत्येकाची वहीत नोंद, शेजारी शिपायाची सही. चार दिवस हेच चाललं.

निळा शर्ट वाळला तेव्हा शिपाई चहा आणायला गेला होता. काकांनी घडी घालण्यासाठी शर्ट झटकला आणि काहीतरी टपकन पायाशी पडलं. बटण. वरून पाचवं. दोरा कुजला होता. यादीत तर लिहिलेलं, ‘बाकी सहा शाबूत.’ काकांनी मोजली, पाच भरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खोलीत एक वस्तू कमी पडली होती, आणि तीही हातात असून.

त्यांनी टेबलाच्या खणातून गाठोडी शिवायची सुई काढली, त्यातच पांढरा दोरा ओवलेला होता, आणि बटण होतं तिथे पक्कं करून टाकलं. पुन्हा मोजली. सहा. शिपाई चहा घेऊन आला तोवर शर्टाची घडी झाली होती. काकांनी वहीत लिहिलं, ‘पाण्याने भिजल्याने उघडले, वाळवले, फेरसील केले. यादीप्रमाणे बरोबर.’ कमी-जास्त: निरंक.

त्यात काही गैर आहे, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. यादी खरी ठेवायची, एवढंच त्यांना माहीत होतं. यादी खरी ठेवताना वस्तू खोटी होते, हा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

ती आली जुलै २०१४ मध्ये. खटला एकदाचा चालू झाला होता. फाटकवाल्याच्या बायकोची साक्ष सोमवारी झाली, काकांची गुरुवारी होती. मंगळवारी सरकारी वकीलबाईंनी त्यांना बोलावलं. या चौथ्या सरकारी वकील, वयानं काकांच्या मुलीएवढ्या, पण कागद तोंडपाठ.

“काका, सोपं आहे. गाठोडं न्यायाधीशांसमोर उघडायचं. मुठीतलं बटण आणि शर्टावरची सहा बटणं एकाच जातीची, असा तज्ज्ञाचा अहवाल २००९ चाच आहे. पाण्याची नोंद तुम्ही वहीत केलीय, ती मी आधीच सांगून टाकेन. बचावाचे वकील शर्टाच्याच मागे लागणार, शर्टाला मध्ये कोणाचा हात लागला, हेच विचारणार. बटण टिकलं तर खून सिद्ध होतो, नाही टिकलं तर नुसती चोरी उरते. पूर्ण खटला बटणावर उभा आहे. आणखी काही आहे का? सांगण्यासारखं?”

काकांना पाचवं बटण आठवलं. तोंडातून मात्र सवयीचा शब्द निघाला.

“निरंक.”

घरी जेवायला बसले ते ताटाकडे बघत राहिले.

“अहो, ताटात काय पंचनामा करताय?” बायको म्हणाली.

त्यांनी सांगितलं, सगळं. बायकोनं हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, “घरात तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलं की मला हाक मारता. आणि तिथे बरी सुई हातात धरता आली!”

“चेष्टा सुचतेय तुला.”

“चेष्टा नाही. रडू येतंय म्हणून बोलतेय.” तिनं ताट त्यांच्याकडे सरकवलं. “त्या बाईला कोण सांगणार?”

बुधवारी सकाळी काका आधी वकीलबाईंकडे गेले. ऐकताना वकीलबाईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं.

“काका, उद्या साक्ष आणि आज सांगताय?”

“परवा विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“परवा नाही, काल विचारलं.”

“काल. हो.” काकांची तारीख चुकण्याची ही पहिलीच वेळ.

वकीलबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. “बटणाचा टाका कोण बघतंय? कोणी विचारणारसुद्धा नाही. पाच मिनिटांत तुमची साक्ष संपली असती.” मग वळल्या. “पण आता मला माहीत झालं. आता मी तुम्हाला गप्प बसा म्हणू शकत नाही. तो माणूस साडेपाच वर्षं तुरुंगात आहे, त्याच्या जन्मठेपेचा प्रश्न आहे. शपथेवर काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. खरं बोललात तर मी आडवी येणार नाही. मदत मात्र माझी तुम्हाला होणार नाही.”

“मदत नकोय,” काका म्हणाले. “तुमच्या शिव्या खायला आलो होतो.”

“त्या खाल्ल्यात असं समजा,” वकीलबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं.

दुपारी फाटकवाल्याची बायको बाकावर आली. आता ती प्रत्येक दिवशी येत होती. म्हातारा अजून यायचा होता. काका बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले. एवढ्या वर्षांत ते कधी त्या बाकावर बसले नव्हते.

“ताई, मी विचारायला नाही आलो, सांगायला आलोय.”

त्यांनी सांगितलं. तिची सुई चालूच होती. संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

“दोरा कसला घातलात?”

“सुती. पांढरा. गाठोड्याचा.”

“एकेरी?”

“दुहेरी.”

“आणि टाका? चार भोकं असतील. दोन आडव्या रेघा घातल्यात की फुली?”

काकांना आठवावं लागलं. “फुली.”

तिनं मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. “दुकानातला तयार शर्ट ना तो? त्याची बटणं यंत्रावर लागतात. दोन आडव्या रेघा, सगळ्यांना सारख्या. त्यात तुमची एक फुली. तीही जाड पांढऱ्या दोऱ्याची, निळ्या शर्टावर.” तिचा आवाज चढला. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं शिवायला? माझ्यासारखीनं शिवलं असतं तर पोटासाठी शिवलं म्हणता आलं असतं. तुम्ही कशासाठी शिवलंत?”

“यादी जुळावी म्हणून.”

“यादी!” ती म्हणाली. “माझा नवरा तुमच्या यादीत होता का, दादा?”

तिनं शर्ट पिशवीत कोंबले, उठली आणि वरच्या मजल्यावर गर्दीत जाऊन उभी राहिली. म्हातारा आला, त्यानं रिकामा बाक बघितला, पाण्याची बाटली मधोमध ठेवली आणि आपल्या टोकाला बसला. काका दाराशी उभे राहिले, मग आत गेले. दार उघडंच ठेवलं.

गुरुवारी कोर्टात गाठोडं उघडलं गेलं. लाख तडकली तो आवाज काकांना मोठा वाटला. वकीलबाईंनी पाण्याची नोंद वाचून घेतली, प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, “आणखी काही सांगायचं आहे?”

त्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा होता असं नाही. पण विचारला.

काकांनी कठड्यावर हात ठेवला. “या शर्टाचं वरून पाचवं बटण मी शिवलंय. वाळवताना ते गळून पडलं. यादी जुळावी म्हणून मी ते पुन्हा लावलं आणि वहीत लिहिलं नाही. शिपाई तेव्हा तिथे नव्हता.”

बचावाच्या वकिलांच्या हातातलं पान उलटायचं राहून गेलं. त्यांनी वेगळेच प्रश्न काढून आणले होते. मग मात्र त्यांनी कंबर कसली.

“म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत शिवणकामाचीही सोय आहे?”

“एक सुई आहे, साहेब.”

हशा पिकला. न्यायाधीशांनी हात वर केला.

“तुम्ही सीलबंद वस्तूचं बटण लावू शकता, तर दुसरं कोणी काढूही शकतं?”

“काढू शकतं.”

“मग या शर्टावर न्यायालयानं का विश्वास ठेवावा?”

काकांनी शर्टाकडे बघितलं. “तिसऱ्या बटणाच्या जागी कापड फाटलंय, ते माझ्याकडे आलं तेव्हाही फाटलेलंच होतं, साहेब. पण ते मी म्हणतोय. आणि मी तीन वर्षांपूर्वी ‘बरोबर’ असंही लिहिलंय. दोन्हींतलं कोणतं मानायचं, ते मी नाही सांगू शकत.”

तीन वर्षं नव्हती झाली, अडीच झाली होती. पण या वेळी त्यांना कोणी दुरुस्त केलं नाही.

निकाल ऑगस्टच्या बावीस तारखेला लागला. चोरी सिद्ध, कारण नोटांवरच्या पट्ट्या गोदामाच्याच होत्या. खुनाचा आरोप सिद्ध नाही. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की शर्ट आणि बटण यांचा पुरावा संशयापलीकडे राहिलेला नाही, जप्तीच्या दिवशी पोलिसांनी शर्टाचा फोटोही काढलेला नाही, आणि अशा पुराव्यावर जन्मठेप देता येणार नाही. सात वर्षं शिक्षा, त्यातली साडेपाच भोगून झालेली. एका ओळीत असंही होतं की मुद्देमाल कारकुनानं चूक स्वतःहून सांगितली. त्या ओळीमुळे काकांची नोकरी राहिली. ताकीद मात्र सेवापुस्तकात चढली, निवृत्तीला पाच महिने उरले असताना.

तिसऱ्या प्रहरी बाई जिना उतरून खाली आली. महिनाभर ती या बाकावर बसली नव्हती. काका खोलीतून बाहेर आले, पण बसले नाहीत.

“दीड वर्षानं सुटेल तो,” ती म्हणाली.

“हो.”

“त्यानंच मारलंय. मला माहीत आहे.”

“असेल, ताई.”

“असेल नाही. आहे.” ती बसली. पिशवीत आज शर्ट नव्हते. “तुमचा राग आहे मला. तो जाणार नाही, सांगून ठेवते.”

“नका जाऊ देऊ.”

बराच वेळ ती हात मांडीवर ठेवून बसली. हात रिकामे असले की तिला ते कुठे ठेवावेत ते कळत नसे, हे काकांना आजच दिसलं.

“निकाल वाचला तेव्हा म्हातारा माझ्याकडे बघत होता,” ती म्हणाली. “आनंद झाला होता त्याला, पण लपवत होता. मला वाटलं, याच्या पोराला फुलीच्या टाक्यावर जन्मभर आत घातलं असतं, तर याच्याकडे कसं बघितलं असतं मी? माझ्यासमोर तर सगळी बटणं रोजच असतात. आज बघता आलं. शिव्या दिल्या मनातल्या मनात. पण बघून दिल्या.”

काका तिच्या शेजारी, मधे हातभर जागा सोडून बसले. वरून शिपाई काहीतरी ओरडत होता, कोणाचातरी पुकारा होता. दोघांनाही उठायचं कारण नव्हतं.

“साक्षीचा भत्ता मिळाला का तुम्हाला?” काकांनी विचारलं. दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही.

“कसला भत्ता?”

“साक्षीला येणाऱ्याला मिळतो. त्या दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचं भाडं.”

“मला कोणी बोललं नाही.”

काका आत गेले आणि कोरा अर्ज घेऊन आले. तिनं सांगितलं, त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, तिनं सही केली. तो अर्ज वर गेला. नंतर काकांनी दोन स्मरणपत्रं पाठवली, तिसरं निवृत्तीनंतर घरून पाठवलं. तिला कोर्टाकडून अजून एकशे पासष्ट रुपये येणं आहे.